युद्धाची बातमी : कोणी पाहिलं, कोणी मोजलं?

परदेशातल्या युद्धाचा विषय निघाला की आम्हाला हमखास विचारलं जातं, ‘खरी बातमी कुठलं चॅनेल देतं?’ आम्ही म्हणतो, प्रश्न जरा बदलून घेऊ. ही गोष्ट सांगणाऱ्याला ती कशी कळली, असं विचारू.

मार्च २०२२ चे दिवस आठवा. रशियाने युक्रेनवर हल्ला करून आठवडा झाला होता. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली हजारो भारतीय मुलं तिथे होती, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. २ मार्चला भारतीय दूतावासाने कळवलं, खारकीव्ह ताबडतोब सोडा. वाहन नसेल तर पायी निघा, पण संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा.

त्याच वेळी आपल्याकडे बातमी पसरली की भारतीयांना बाहेर पडता यावं म्हणून रशिया सहा तास युद्ध थांबवतोय. आता विचार करा, घरच्यांनी ती खरी मानून मुलाला सांगितलं असतं, ‘गोळीबार थांबू दे, मग निघ,’ तर? दुसरीकडे रशियाचं संरक्षण खातं म्हणत होतं की युक्रेनने भारतीय विद्यार्थ्यांना जबरदस्तीने रोखून धरलंय. ३ मार्चला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी दोन्ही गोष्टींवर खुलासा केला. हल्ले थांबवल्याचं म्हणणं चुकीचं आहे आणि कोणाला ओलीस ठेवल्याची माहिती आमच्याकडे आलेली नाही, असं त्यांनी सांगितलं.

यातून पहिली गोष्ट शिकायची ती अशी, की जो तो स्रोत त्याच्या त्याच्या कामापुरता धरावा. विद्यार्थ्यांनी कुठे जायचं, हे दूतावासालाच विचारायचं. पण युद्ध कोण जिंकतंय, हे सांगणं दूतावासाचं काम नाही.

दुसरी गोष्ट, लढणाऱ्याचा दावा दावा म्हणूनच वाचायचा, मग आपली सहानुभूती कोणाकडेही असो. स्नेक आयलंडवरचे सगळे सैनिक लढता लढता मेले, असं सुरुवातीला युक्रेनने सांगितलं. काही दिवसांतच युक्रेनच्याच नौदलाने म्हटलं की ते जिवंत आहेत, रशियाच्या कैदेत आहेत. म्हणून बातमीत ‘म्हटलं’, ‘दावा केला’ हे शब्द आले की थांबायचं. आणि नुसतं ‘सूत्रांनुसार’ असेल, तर ती सूत्रं कोणाची, हे शोधायचं.

तिसरी गोष्ट व्हिडिओची. एकट्याने अनेक रशियन विमानं पाडणारा ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ आठवतो? त्याच्या नावाने फिरलेली एक क्लिप ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या गेममधली निघाली. हा वैमानिक म्हणजे दंतकथा आहे, हे एप्रिलअखेर युक्रेनच्या हवाई दलानेच मान्य केलं. तेव्हा व्हिडिओ आला की त्यातलं एखादं दृश्य स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तेच दृश्य जुन्या तारखेने दिसलं, तर विषय संपला.

चौथी गोष्ट आकड्यांची. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय युक्रेनमधल्या मृत नागरिकांची मोजणी करतं. पडताळणी झालेल्या मृत्यूंचाच त्यात समावेश असतो आणि खरा आकडा याहून बराच मोठा असणार, हे ते स्वतःच सांगतात. म्हणजे तो आकडा वाचताना ‘किमान’ हा शब्द मनात धरायचा. मोजायचं कसं आणि काय सुटलं, हे जो सांगतो, त्याच्यावर आम्ही जास्त विश्वास ठेवतो.

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. थांबायला शिकायचं. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर एमएच-१७ हे विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. त्याच दिवसापासून उलटसुलट दावे सुरू झाले. नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, आठ वर्षांनी. सगळ्याच बातम्यांना इतकी वाट बघावी लागत नाही. पण पहिल्या दिवशीची बातमी अर्धवट असणार हे धरून चाला आणि दोन दिवसांनी तीच बातमी पुन्हा उघडून बघा. चूक झाली असेल, तर ज्यांनी ती झाकून न ठेवता दुरुस्त केलीय, त्यांचं नाव लक्षात ठेवा.

आता तुमचे प्रश्न घेऊया.