चिमटा, खंजिरी आणि कराचीतली एक खोली

लोखंडाची लांब पट्टी मधोमध वाकवून तिचे दोन पाय करतात, त्या पायांवर जोडीजोडीनं धातूच्या चकत्या बसवतात आणि वाकवलेल्या टोकाशी एक जाड कडी अडकवतात. झाला चिमटा. एका हातानं पाय मिटले की चकत्या झणझणतात, दुसऱ्या हातानं कडी पट्टीवर आपटली की खणखणीत ठोका पडतो. गाता गाता एकटा माणूस ताल धरतो आणि झंकारही देतो. पंजाबात हा चिमटा लोकांच्या मनात बसवला तो आलम लोहार यांनी. ते १९७९ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव आरिफ लोहार २०१० साली तसाच चिमटा घेऊन कराचीच्या एका स्टुडिओत उभे राहिले. सोबतीला मीशा शफी, रॉक बँडमधून पुढे आलेली तरुण गायिका. आणि भोवती ड्रम, बास गिटार, की-बोर्ड. ‘अलिफ अल्लाह जुगनी’ हे त्या दिवशीचं गाणं. कोक स्टुडिओ पाकिस्तान ही गाण्यांची मालिका म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आधी हे एक गाणं ऐकवतो. एवढा सगळा विजेवरचा सरंजाम असूनही गाण्याचा लगाम चिमट्याच्या हातात आहे. ड्रम त्याच्या मागून चालतो, मीशाचा आवाज आरिफ यांच्या आवाजाला वाट करून देत देत वर चढतो, आणि कुणीच कुणाला झाकत नाही.

आमचं सावरगाव मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला लागूनच, मध्ये फक्त जाम नदी. पोळ्याच्या करीला इथे गोटमार, म्हणजे दोन्ही काठांची एकमेकांवर दगडफेक, होते म्हणून आमचं नाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रात येतं. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी, नागपूर जवळ आणि भोपाळ लांब, असं आमचं जगणं. दोन भाषांत वाढलेल्या कानाला पंजाबी-सिंधी गाणं परकं वाटत नाही. शब्द सगळे कळले नाहीत तरी भजनी मंडळातला माणूस ठेक्यावरून आणि आळवणीवरून गाणं ओळखतो. म्हणूनच या मालिकेबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

कल्पना मुळात पाकिस्तानची नाही. ब्राझीलमध्ये २००७ साली एका शीतपेय कंपनीनं दोन वेगळ्या धाटणीच्या गायकांना एका मंचावर आणणारा कार्यक्रम केला होता. त्याचा धागा पकडून जून २००८ मध्ये पाकिस्तानात कोक स्टुडिओ सुरू झाला. पण त्याला जो आत्मा मिळाला तो रोहेल हयात या माणसामुळे. हयात हे ‘व्हायटल साइन्स’ या बँडचे की-बोर्डवादक. १९८७ मध्ये ‘दिल दिल पाकिस्तान’ गाऊन हा बँड घराघरांत पोचला, तेव्हा ही पोरं विशीच्या आगेमागे होती. म्हणजे हयात घडले ते पाश्चात्त्य पॉपवर. सूफी कलाम, लोकगीतं, रागदारी यांच्याकडे ते नंतर वळले, आणि वळले ते विद्यार्थ्याच्या कुतूहलानं. निर्मितीत पत्नी अंबर हयात बरोबरीनं होत्या.

पहिलं पर्व प्रेक्षकांसमोर झालं. दुसऱ्या पर्वापासून हयातांनी प्रेक्षक काढून टाकले आणि सगळ्यांना एका बंद खोलीत आणलं. मला वाटतं, या मालिकेतला सर्वांत मोठा निर्णय हाच. समोर टाळ्या वाजवणारं कोणी नसलं की गायक गायकाकडे बघतो, ढोलकवाला ड्रमवाल्याच्या हातांकडे बघतो. कॅमेरा ते टिपतो. एखादी जागा छान आली की कोरसमधल्या मुली हसतात, गिटारवाला मान डोलावतो. ती दाद खोलीतल्या खोलीतच दिलेली असते, म्हणून खरी वाटते. आपल्या बैठकीत साथीदाराची दाद मिळते तशीच.

वादकांचा ताफा कायमचा. ड्रमवर गंबी, गिटारवर असद अहमद, ढोलकवर बाबर अली खन्ना, व्हायोलिनवर जावेद इक्बाल. ही माणसं पर्वामागून पर्व एकत्र वाजवत राहिली आणि त्यांचा हात एकमेकांना बसला. बाहेरून येणारा गायक कोणत्याही प्रांतातला असो, त्याला तयार माणसं मिळत. दुसऱ्या पर्वात साईं जहूर आले. दर्ग्यादर्ग्यांतून इकतारा घेऊन फिरत गाणारा हा फकीर, आणि त्याच्यासोबत ‘नूरी’ हा लाहोरचा रॉक बँड. चौथ्या पर्वात बलुचिस्तानचे अख्तर चनाल जहरी आले. फरीद अयाज आणि अबू मोहम्मद हे कव्वाल बंधूही आले. त्यांचं घराणं दिल्लीच्या कव्वाल बच्च्यांचं, अमीर खुसरोंशी परंपरा जोडणारं. त्यांनी गायलेला ‘कंगना’ मालकंसात आहे. मालकंस ज्याच्या कानात मुरलेला आहे, त्यानं तो जरूर ऐकावा. कव्वालीची टाळी, सरगम आणि मागे दबक्या आवाजात चालणारा बास, सगळं इतकं सहज मिसळलंय की जोड कुठे आहे ते सापडत नाही.

इथे जरा थांबून मिसळण्याच्या कामाबद्दल बोलायला हवं, कारण फ्यूजन नावाखाली आपण पुष्कळ बेचव ऐकलेलं आहे. अडचण अशी असते की लोकगायक आपल्या षड्जावर गातो, त्याचे स्वर मींड घेत एकातून दुसऱ्यात जातात. गिटारचे पडदे मात्र पक्के, आणि की-बोर्डची पट्टी तर जन्मभर ठरलेली. वर गायकाच्या पाठीमागे भरमसाट कॉर्ड लावले की रागाची बारीक स्वरस्थानं गुदमरतात. मग वादक म्हणतात गायकानं जुळवून घ्यावं, गायक जुळवून घेतो आणि त्याचं गाणं मरतं. हयातांच्या काळातल्या चांगल्या गाण्यांत नेमकं उलट ऐकू येतं. गिटार तानपुऱ्यासारखी एकदोन स्वरांवर रेंगाळते, बास ठेका सोडत नाही, कॉर्ड आलाच तर गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत येतो. माघार नव्या वाद्यांनी घ्यायची, हा तिथला अलिखित नियम असावा असं ऐकताना वाटतं.

२०१५ च्या आठव्या पर्वात माई धाई आल्या. थरच्या वाळवंटातल्या, मांगणियार या गायक-वादक जमातीतल्या या बाई ढोल वाजवत मारवाडीत गातात. मांगणियार सीमेच्या अलीकडे बाडमेर-जैसलमेरलाही आहेत, तोच सूर, त्याच लग्नाच्या आणि विरहाच्या चाली. कुंपण १९४७ नंतरचं, गाणं त्याच्या कितीतरी आधीचं.

मालिका पुढे अनेक हातांतून गेली. २०१४ ते २०१७ ही चार पर्वं ‘स्ट्रिंग्स’ या बँडच्या फैसल कपाडिया आणि बिलाल मकसूद यांनी केली. त्यांच्या काळात आबिदा परवीन आणि राहत फतेह अली खान एकत्र गायले, आतिफ अस्लमनं साबरी बंधूंची ‘ताजदार-ए-हरम’ ही कव्वाली नव्यानं गायली. २०१६ च्या पर्वात कव्वाल अमजद साबरींनी राहतसोबत ‘रंग’ गायलं. पण ते प्रसारित होण्याआधीच, त्या जूनमध्ये कराचीत अमजद यांची गोळ्या घालून हत्या झाली. ते गाणं ऐकताना हे विसरता येत नाही.

२०२२ मध्ये संगीत निर्माते जुल्फी यांनी सूत्रं घेतली आणि अली सेठी व शे गिल यांचं ‘पसूरी’ आलं. त्या वर्षी जगभरात गूगलवर सर्वांत जास्त शोधलं गेलेलं गाणं ते. मलाही ते आवडतं. तरी या पर्वापासून खोली हरवली असं माझं स्पष्ट मत आहे. आता प्रत्येक गाण्याला वेगळा देखावा, वेगळी रोषणाई, नाच. वादक एकमेकांकडे बघताना दिसत नाहीत. चित्रफीत देखणी झाली, पण गाणं घडताना बघण्याचं सुख कमी झालं.

दुसरी खंत पैशाची आहे. त्याच २०२२ च्या पर्वात बलुचिस्तानचे अब्दुल वहाब बुगटी ‘काना यारी’मध्ये गायले आणि रातोरात सगळ्यांना माहीत झाले. काही महिन्यांनी आलेल्या महापुरात त्यांचं घर गेलं. चाहत्यांना मदतीची हाक द्यावी लागली. कोट्यवधी लोक ज्याचा आवाज ऐकतात त्याच्या डोक्यावर पक्कं छप्पर नसावं, याचा जाब अशा प्रत्येक मालिकेला विचारलाच पाहिजे. शीतपेयाची जाहिरात लोकगायकाच्या गळ्यावर होते, तर त्या गळ्याला वाटाही मिळावा.

आपल्याकडेही २०११ मध्ये कोक स्टुडिओची भारतीय आवृत्ती लेस्ली लुईस यांच्यापासून सुरू झाली. मराठी वाहिन्यांनी ‘नक्षत्रांचे देणे’सारखा सुरेख कार्यक्रम दिला, पण त्याचं मन जुन्या मोठ्या कवी-संगीतकारांच्या आठवणीत होतं. गावच्या गायकाला त्याच्या वाद्यासकट स्टुडिओत आणून, त्याला मध्ये बसवून, बाकीच्यांनी त्याच्याभोवती जमायचं, असं नेमानं वर्षानुवर्षं मराठीत कोणी केलेलं नाही. आणि मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सूचनेनंतर पाकिस्तानी गाणी आपल्याकडच्या मंचांवरून उतरवली गेली. त्यामुळे सीमेपलीकडचं ऐकून समाधान मानायची वाटही अरुंद झाली आहे. आता आपलं आपणच केलं पाहिजे.

सामग्री दारात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर जे भजन उभं केलं ते मराठीतही आणि हिंदीतही. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही ते पोचलं. पांढुर्णा-सौंसरच्या गावांत आज खंजिरी भजन मंडळं आहेत, बायकांचीही आहेत. हातभर रुंदीचंही नसलेलं ते चामड्याचं कडं, काठाला झांजा. डाव्या हातात धरून उजव्या बोटांनी वाजवतात, चामड्यावर दाब कमीजास्त केला की आवाज खालीवर होतो. पावसाळ्यात चामडं सैल पडलं की विस्तवाजवळ धरून ताणून घेतात. चांगला खंजिरीवाला एकटा अख्खी पंगत झुलवतो. पण अलीकडे मंडळांच्या स्पर्धेत ऑक्टोपॅड आणि मोठे भोंगे आले आहेत, आणि त्यात पहिली बुडते ती खंजिरीच.

म्हणून आमच्या भागातल्या तरुण वादकांना आणि नागपूरच्या स्टुडिओवाल्यांना माझी विनंती आहे. एक मंडळ निवडा. एका बंद खोलीत त्यांना बसवा, त्यांचा सूर आणि त्यांची लय तशीच ठेवा, गिटार आणायची तर ती त्यांच्या षड्जावर लावा. खंजिरीसमोर वेगळा माइक ठेवा. ध्वनिमुद्रणावर गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहा, गावाचं नाव लिहा, चाल कुणाकडून आली ते विचारून लिहा, आणि बिदागी आधी द्या. चाली पाठ असलेली म्हातारी माणसं अजून आहेत. हे काम येत्या पोळ्याच्या आत सुरू करा.