मृतदेहावर अधिकार कोणाचा?

मनुष्य वारला म्हणजे त्याचे घर, शेत व दागदागिने वारसांकडे जातात. देहही तसाच त्यांच्या मालकीचा होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने शव ही मालमत्ता नाही; नातलगांकडे येते ते त्याची यथोचित व्यवस्था लावण्याचे कर्तव्य. परंतु त्या नातलगांतच दुमत झाले तर?

केरळात असा प्रसंग ओढवला. तेथील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ पुढारी व माजी खासदार एम. एम. लॉरेन्स हे २१ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. जन्माने ते ख्रिस्ती. त्यांचा देह एर्नाकुलमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, असे मुलाचे म्हणणे. तर वडिलांस ख्रिस्ती रीतीने मूठमाती मिळावी, असा एका मुलीचा आग्रह. लेखी इच्छापत्र नव्हते. वडिलांनी आपली इच्छा साक्षीदारांदेखत तोंडी सांगितली होती, एवढाच आधार. केरळच्या १९५७ च्या शरीरशास्त्रविषयक कायद्यान्वये दोन साक्षीदारांसमक्षचा असा तोंडी शब्दही चालतो, म्हणून उच्च न्यायालयाने देहदान ग्राह्य धरले. अपील फेटाळले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. तोवर जवळजवळ चार महिने लोटले होते. आणि इतके दिवस एका बापाचा देह आपल्या लेकरांचा तंटा मिटण्याची वाट पाहत राहिला!

मृताचा शब्द प्रथम मानावा, हा न्याय मला रास्त वाटतो. तथापि त्या मुलीस दोष देण्यास माझी जीभ वळत नाही. बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावावी, नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी तेथे गुडघे टेकावेत, ही ओढ आपणांपैकी कोणास नाही?

येथे ख्रिस्तसभेची शिकवण नीट ध्यानी घ्यावी. दफनाची प्रथा तिला अधिक प्रिय आहे. परंतु दहनामुळे पुनरुत्थानास बाध येत नाही, हे तिने १९६३ सालीच स्पष्ट केले. आणि मृत्यूनंतरचे अवयवदान तर ती पुण्यप्रद मानते. चिरफाड झालेला देह शेवटच्या दिवशी कसा उठेल, असे म्हाताऱ्या आया भीतभीत विचारतात. अंत्युखियाचे संत इग्नेशियस यांना रोमच्या रिंगणात श्वापदांनी फाडले. दर्यात बुडालेल्या कित्येक कोळी बांधवांचे शव हातीही लागत नाही. त्यांच्याविषयी आपण कधी शंका घेतो काय? देह महाविद्यालयास दिला तरी मृतासाठी मिस्सा अर्पण करता येते. त्यासाठी शव समोर असलेच पाहिजे असे नाही.

ज्याच्या मनात असे दान असेल त्याने ते कागदावर उतरवावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार त्यांतील एक तरी जवळचा नातलग असावा लागतो. देहदानाचे नियम प्रांतोप्रांती निराळे, म्हणून महाविद्यालयात आधीच चौकशी करावी. कागद मात्र पेटीच्या तळाशी ठेवू नये! नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, आणि आखातातला मुलगा घरी पोहोचेतो त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. तेव्हा नाताळच्या सुटीत सारी लेकरे घरी जमली असताना, रात्रीची रोझरी आटोपल्यावर, हा विषय काढावा. सुनाजावयांसही बसवून घ्यावे.