देवधरांचा संघ : महायुद्धातले दोन हंगाम

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी पेटले आणि त्याच हंगामात महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. पुढच्या वर्षी त्याने तो राखलाही. इंग्लंडमधली कौंटी स्पर्धा १९४० पासून युद्ध संपेपर्यंत बंद होती, ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्डही थांबली. हिंदुस्थानात सक्तीची सैन्यभरती नव्हती, त्यामुळे खेळाडू हाताशी राहिले आणि रणजी सामने एकाही वर्षी चुकले नाहीत.

संघाचे कर्णधार दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. जन्म १८९२चा, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा वय सत्तेचाळीस. प्रथम श्रेणीचा पहिला सामना ते १९११ मध्ये खेळले होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी खेळू लागलेला हा माणूस दुसरे संपल्यावरही मैदानात होता. तरुण खेळाडू हेरून त्यांना घडवण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्यांच्या संघाचा कणा होता सांगलीत जन्मलेला विजय हजारे. १९३९-४०च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. नवव्या गड्यासाठी सहकारी नगरवालांसोबत त्यांनी २४५ धावांची भर घातली. तळाच्या जोडीने एवढे करावे, हे गोलंदाजांच्या दृष्टीने फारच झाले. अंतिम सामना पुण्यातच संयुक्त प्रांताशी झाला. त्यांच्या २३७ला महाराष्ट्राने ५८१ धावांनी उत्तर दिले आणि दहा गडी राखून करंडक घेतला.

दुसरा हंगाम अधिक रंगला. अनिर्णित सामन्याचा निकाल तेव्हा पहिल्या डावातल्या आघाडीवर लागे, त्यामुळे तो डाव लांबवण्यातच शहाणपण होते. पुण्यात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांच्या एकट्याच्या २४६. मुंबईच्या खंडू रांगणेकरांनी २०२ धावा काढल्या, तरी मुंबई ६५०वर अडकली. चारही बाजूंनी धावांचा पाऊस, आणि निकाल ठरवला अवघ्या पंचवीस धावांनी! उत्तर हिंदुस्थानाविरुद्ध तर संघाने ७९८पर्यंत मजल मारली. वेस्टर्न इंडियाशी खेळताना रंगा सोहोनींनी नाबाद २१८ धावा केल्या. हजारेंबरोबर त्यांची ३४२ धावांची भागी झाली. अंतिम सामना मद्रासमध्ये होता. तिथेही सोहोनींनी शतक ठोकले आणि मद्रासचा सहा गडी राखून पराभव झाला.

बाहेर देश वेगळ्याच वाटेने चालला होता. वैयक्तिक सत्याग्रह १९४०च्या ऑक्टोबरात सुरू झाला. धर्मावर आधारलेल्या मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना गांधीजींनी विरोध केला. त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही आणि १९४२ मध्ये ती स्पर्धाच भरली नाही. रणजी संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे असल्याने हा आक्षेप त्यांना लागू नव्हता. सातारा जिल्ह्यात मात्र खेळाला कोण विचारतो, अशी स्थिती होती. १९३०च्या जंगल सत्याग्रहात, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या शिराळ्याजवळच्या बिळाशी गावाने सरकारशी झुंज घेतली होती. ऑगस्ट १९४२ नंतर तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूज आणि इस्लामपुरात गोळीबार झाला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. पुण्याच्या मैदानावरच्या धावसंख्येपेक्षा या मुलखाला फितुरांची बातमी अधिक मोलाची होती.

देवधरांचा संघ युद्धाने मोडला नाही, संस्थानिकांच्या नोकऱ्यांनी मोडला. क्रिकेटमधून पोट भरण्याची दुसरी सोय नव्हती, म्हणून खेळाडूंना दोष देता येत नाही. ज्या बडोद्याविरुद्ध त्रिशतक काढले, त्याच बडोद्याकडे हजारे १९४१ मध्ये गेले. संघातले चंदू सरवटेही पुढे होळकर संस्थानाच्या संघात दाखल झाले. डिसेंबर १९४३ मध्ये सुरू झालेल्या सामन्यात मुंबईच्या विजय मर्चंटांनी याच महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा कुटल्या. देवधर तरीही हटले नाहीत. पन्नाशी ओलांडल्यावर, १९४४-४५च्या हंगामात, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली.

त्यानंतर महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. रणजी करंडकावर त्याचे नाव आजही युद्धकाळातल्या त्या दोन हंगामांपुरतेच आहे.