दुपारची पेंग आणि डब्यातली उसळ

दुपारचे अडीच-तीन वाजले की पुण्याजवळच्या हिंजवडीच्या आयटी कार्यालयांत पापण्या जड होतात. शेजारच्या मारुंजीतल्या भाड्याच्या घरांतून घाईने निघालेली मुलं-मुली नाश्ता टाळतात, एक वाजता भुकेपोटी पोळ्यांवर भरपूर भात घेतात आणि पेंग आली की स्वतःला आळशी ठरवतात. हा दोष स्वभावाचा नव्हे.

शरीराचं घड्याळच दुपारी मंदावतं. न जेवलेल्यालाही ही सुस्ती येते. जेवण ती वाढवतं किंवा आटोक्यात ठेवतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के वापरतो, मुख्यतः ग्लुकोजमधून. मेंदूत जाग राखणाऱ्या ओरेक्सिन पेशी मात्र ग्लुकोज वाढलं की मंदावतात आणि प्रथिनांतल्या अमिनो आम्लांनी चेतवल्या जातात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूत हे पाहिलं. नुसता भात आणि भातासोबत प्रथिनं देणारी उसळ यांतला फरक यावरून समजायला मदत होते.

‘मी सडपातळ आहे, मला काय होणार?’ असं वाटत असेल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण पाहा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू सामावून घेतात. सडपातळ दिसूनही चरबी जास्त आणि स्नायू कमी असलेल्या शरीराला भाताचा मोठा ढीग म्हणूनच जड जातो.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. सकाळी थोडं पोटात घालून निघा. डब्यात भात वाटीभर, मटकीची उसळ किंवा घट्ट वरण दुप्पट, सोबत काकडी. उसळीवर लिंबू पिळा, उसळीतलं लोहही अंगी लागेल. जेवून दहा मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. चहा थकवा घालवत नाही, त्यातलं कॅफिन थकव्याचा निरोप तेवढा अडवतं. पाच तासांनीही त्यातलं निम्मं अंगात उरतं. संध्याकाळचा चहा रात्रीच्या झोपेतून वसूल होतो.

हे सारं एकट्या कर्मचाऱ्यावर सोडू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत कँटीनची तरतूद केली, कारण कामगाराचं जेवण ही मालकाचीही जबाबदारी मानली गेली. संगणकासमोरच्या कामगारालाही तेच लागू व्हावं: कँटीनच्या ताटात उसळ वाढवा आणि एक ते दोनमध्ये बैठक ठेवू नका.