पंचतारांकित नावाखालची जमीन

सप्टेंबर २००९ मध्ये दिल्लीच्या राजकीय वर्तुळात हॉटेलांवरून वादंग माजले होते. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा आणि परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर हे सरकारी निवासस्थाने सज्ज होईपर्यंत पंचतारांकित हॉटेलांत मुक्कामाला होते. कृष्णा यांनी सरदार पटेल मार्गावरील आयटीसी मौर्य निवडले होते, तर थरूर यांनी मानसिंह मार्गावरील ताज. जागतिक मंदीचे सावट होते, देशात दुष्काळ होता आणि अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी काटकसरीचा आग्रह धरला होता. खर्च आम्ही स्वतःच्या खिशातून करत आहोत, असे दोघांनीही सांगितले. तरी अखेर दोघांनाही हॉटेले सोडावी लागली.

त्या वादाकडे आज मागे वळून पाहताना मला एका गोष्टीचे नवल वाटते. बिल कोण भरतो, या प्रश्नाभोवती सारी चर्चा फिरत राहिली. मानसिंह मार्गावरील ती वास्तू कोणाच्या मालकीची आहे, ती वापरण्याची मुदत केव्हा संपते आणि तिच्यातून सार्वजनिक तिजोरीत किती भर पडते, हे प्रश्न मात्र बाजूलाच राहिले. वस्तुतः त्या हॉटेलचा ३३ वर्षांचा करार अवघ्या दोन वर्षांत संपणार होता. दोन मंत्र्यांच्या खोलीभाड्यापेक्षा त्या कराराचे मोल कितीतरी मोठे होते.

दिल्लीत राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे परिचित अनेकदा विचारतात : परिषद आहे, वरिष्ठांचा मुक्काम आहे, ताज घ्यावे, ओबेरॉय घ्यावे, आयटीसी की लीला? माझे उत्तर इतरांसारखेच असते. संसद आणि मंत्रालयांत काम असेल तर मध्य दिल्ली, दूतावासांत असेल तर चाणक्यपुरी, दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान असेल तर एरोसिटी. न्याहारी, खोलीचा आकार, सदस्यत्वाचे गुण आणि रद्द करण्याच्या अटी यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. एवढा सल्ला प्रवाशाला पुरतो, परंतु नागरिकाला तो पुरू नये. कारण महानगरातील आलिशान हॉटेल हा निव्वळ खासगी व्यवहार क्वचितच असतो. शहरातील अत्यंत मोक्याची जागा आणि ती देणारी सार्वजनिक संस्था या व्यवहाराच्या मुळाशी असतात.

हॉटेलचे नाव, हॉटेलची मालकी आणि हॉटेलखालची जमीन या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. मॅरियट किंवा हयात यांसारख्या जागतिक साखळ्या बहुतेक ठिकाणी इमारतीच्या मालक नसतात. त्या नाव, आरक्षणव्यवस्था आणि व्यवस्थापन पुरवून त्याचे शुल्क घेतात. लीलाचे उदाहरण याहून बोलके आहे. कॅप्टन कृष्णन नायर यांनी उभारलेली ही साखळी कर्जाच्या ओझ्याखाली आली आणि २०१९ मध्ये दिल्ली, बंगळूरु, चेन्नई व उदयपूर येथील तिची हॉटेले आणि ‘लीला’ हे नाव कॅनडाच्या ब्रुकफिल्ड समूहाकडे गेले. पाहुण्यांना मात्र दारावरची पाटी तीच दिसत राहिली. मुंबईच्या अंधेरीतील लीला त्या व्यवहारात विकले गेले नाही, ते मूळ कंपनीकडेच राहिले. म्हणजे एकाच वास्तूचे नाव एकाचे आणि हॉटेल दुसऱ्याचे. शिवाय तेथील जमिनीच्या भाडेपट्ट्यावरून भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी कंपनीचा दीर्घकाळ वाद झाला, तो तिसरा पक्ष.

देशी साखळ्यांची मालकीही पाहण्याजोगी आहे. ताज चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्सची प्रवर्तक टाटा सन्स ही कंपनी आहे आणि टाटा सन्सचे बहुसंख्य भाग धर्मादाय न्यासांकडे आहेत. आयटीसीने जानेवारी २०२५ मध्ये आपला हॉटेल व्यवसाय स्वतंत्र कंपनीत नेला आणि त्यात ४० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला. आयटीसीच्या मोठ्या भागधारकांत आयुर्विमा महामंडळ आहे. पंचतारांकित हॉटेलात कधी पाऊल न टाकलेला विमाधारकही अशा रीतीने त्याच्या नफ्या-तोट्याशी जोडलेला असतो.

परंतु खरा सार्वजनिक प्रश्न जमिनीचा आहे, आणि मानसिंह मार्गावरील ताज हा त्याचा उत्तम धडा आहे. १९७८ मध्ये सुरू झालेले हे हॉटेल नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या मालकीच्या जागेवर चालते. ही परिषद थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. २०११ मध्ये कराराची मुदत संपली. त्यानंतर लिलाव व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मिळत गेल्या त्या मुदतवाढी, एकदा नव्हे, नऊ वेळा. लिलावाचा निर्णय झाल्यावर कंपनी न्यायालयात गेली. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-लिलावाचा मार्ग मोकळा केला. आधीच्या प्रयत्नांत पुरेसे बोलीदारच पुढे आले नाहीत. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये लिलाव झाला आणि आयटीसीशी झालेल्या स्पर्धेत ताजच जिंकले. ही स्पर्धा दोन आलिशान साखळ्यांतलीच होती. फक्त तिथे निवड पाहुणा करत नव्हता, जमिनीचा मालक करत होता.

त्या निवडीचे फलित आकड्यांत सांगता येते. नव्या करारानुसार ३३ वर्षांसाठी एकूण उलाढालीचा ३२.५ टक्के वाटा परिषदेला मिळेल आणि दरमहा किमान ७.०३ कोटी रुपये परवाना शुल्क द्यावेच लागेल. आधीच्या वाट्याच्या तुलनेत हा जवळपास दुप्पट आहे. हॉटेल तेच, व्यवस्थापन तेच, रस्ताही तोच. बदलली ती केवळ करार करण्याची पद्धत. जी कंपनी मुदतवाढीच्या काळात कमी वाटा देत होती, तीच कंपनी स्पर्धा समोर येताच इतका वाटा द्यायला तयार झाली. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. आपले हित पाहणे हे तिचे कामच आहे. प्रश्न आहे तो सार्वजनिक मालमत्तेच्या राखणदारांना. संपलेला करार सात वर्षे तात्पुरत्या मुदतवाढींवर रेटला जातो, तेव्हा त्या प्रत्येक मुदतवाढीची किंमत कोणीतरी मोजतच असते.

विमानतळाजवळच्या एरोसिटीची कथा याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे. दिल्ली विमानतळ २००६ मध्ये खासगी भागीदारीत गेला, तेव्हा विमानतळाच्या सुमारे पाच टक्के जमिनीचा व्यापारी वापर करण्याची मुभा करारात देण्यात आली. त्यातून हॉटेलांचा हा समूह आकाराला आला. तो २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सज्ज व्हावा अशी अपेक्षा होती. पण धावपट्टीकडे उघडणाऱ्या खोल्यांबाबत पोलिसांनी सुरक्षाविषयक आक्षेप घेतले आणि पहिली हॉटेले उघडायला २०१३ उजाडले. दरम्यान, २०१२च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी सुमारे २४० एकर जमीन नाममात्र भाड्याने दिल्याकडे बोट दाखवले आणि तिची संभाव्य मिळकत १ लाख ६३ हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे म्हटले. कंपनीने ही मांडणी अमान्य केली. आपल्या एकूण महसुलातील ४५.९९ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला मिळतो, हे वास्तवही विसरता येत नाही. अनेक दशकांच्या मिळकतीची बेरीज करून तोटा सांगणारे आकडे वादग्रस्तच ठरतात. तरीही विमानतळासाठी संपादित झालेल्या जमिनीवरील हॉटेलांच्या उत्पन्नाचे न्याय्य वाटप कोणते, हा मूळ प्रश्न रास्तच होता.

यावर काही जण म्हणतील, मग सरकारनेच हॉटेले चालवावीत. तो प्रयोगही आपण करून पाहिला आहे. १९५६ मध्ये युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरली, त्या निमित्ताने चाणक्यपुरीत अशोक हॉटेल उभे राहिले. नवस्वतंत्र देशाकडे जगातील पाहुण्यांना उतरवण्याजोगी वास्तू हवी, ही नेहरूंची दृष्टी त्यामागे होती. परंतु पुढे खासगी साखळ्या आल्या, त्या दर काही वर्षांनी नूतनीकरणावर पैसा ओतू लागल्या आणि सरकारी हॉटेल मागे पडत गेले. २०२१ च्या राष्ट्रीय चलनीकरण योजनेत अशोकसह पर्यटन विकास महामंडळाच्या आठ हॉटेलांचा समावेश झाला, तो या अनुभवातूनच.

सरसकट विक्री हाही निर्दोष मार्ग नाही. २००१-०२ मध्ये महामंडळाची दिल्लीतील काही हॉटेले विकली गेली. आज अशोक रोडवरील शांग्री-ला आणि लोधी रोडवरील ‘द लोधी’ यांत निवड करणारा पाहुणा खरे तर पूर्वीच्या कनिष्क आणि लोधी या दोन सरकारी हॉटेलांत निवड करत असतो. मुंबईकरांना याच काळातील विमानतळाजवळचे सेंटॉर आठवेल. एअर इंडियाच्या उपकंपनीचे हे हॉटेल ८३ कोटी रुपयांना विकले गेले आणि खरेदीदाराने काही महिन्यांतच ते ११५ कोटींना सहारा समूहाला विकले. सरकारने हॉटेल चालवू नये, हे मला मान्य आहे. मात्र याचा अर्थ सरकारने किंमत जोखण्याचेही सोडून द्यावे, असा होत नाही.

पाहुण्याच्या हाती पडणाऱ्या बिलातही धोरण दडलेले असते. खोलीचे एका रात्रीचे मूल्य साडेसात हजार रुपयांपेक्षा अधिक असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्याखालील खोल्यांवर सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के आहे. पुण्यातील कंपनीने दिल्लीत खोली घेतली आणि कंपनीची दिल्लीत करनोंदणी नसेल, तर या कराची वजावट तिला मिळत नाही. कारण हॉटेल जिथे, तिथेच सेवा पुरवली गेली असे कायदा मानतो. जेवणावर सरसकट लावल्या जाणाऱ्या सेवा शुल्काची गोष्ट वेगळी आहे. ते सक्तीने आकारता येणार नाही, ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ची भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ग्राह्य धरली. कर टाळता येत नाही. सेवा शुल्क नाकारता येते. दोन हॉटेलांच्या दरांची तुलना करताना हा भेद ध्यानात असावा.

आता पर्यायाविषयी. माझ्या मते जमीन सार्वजनिक मालकीत राहावी, हॉटेल खासगी कौशल्याने चालावे आणि दोहोंना जोडणारा करार उघड व कालबद्ध असावा. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देताना खोल्या, सुविधा आणि सुरक्षा तपासते. सार्वजनिक जमिनीवरील हॉटेलांच्या बाबतीत जमिनीचा मालक, मुदतीची तारीख आणि सरकारला मिळणारा वाटा या तीन नोंदी त्याच यादीत प्रसिद्ध कराव्यात. दुसरे, मुदत संपण्यापूर्वी किमान दोन वर्षे लिलावाची प्रक्रिया सुरू करणे कायद्याने बंधनकारक असावे, म्हणजे मुदतवाढीला सबबच उरणार नाही. तिसरे, केवळ सर्वाधिक बोली हाच निकष नसावा. उलाढालीचा जवळपास तिसरा हिस्सा परवाना शुल्कात गेला, तर काटछाट प्रथम कंत्राटी कामगारांच्या वेतनात आणि वास्तूच्या देखभालीत होण्याचा धोका असतो. म्हणून वेतन, सेवाशर्ती आणि देखभाल यांच्या अटी करारातच असाव्यात. २०२० मध्ये महासाथीने हॉटेले ओस पडली तेव्हा किमान शुल्काच्या कलमांचा ताण साऱ्या देशाने पाहिला. अशा आपत्तीत सवलत द्यायची की नाही, हेही आधीच लिहिलेले बरे. नंतर केलेल्या वाटाघाटींत पारदर्शकता राहत नाही.

प्रवाशाने निर्धास्तपणे आपल्या आवडीचे हॉटेल निवडावे. आलिशान मुक्कामाचा तिटकारा बाळगण्यात मला नैतिकता दिसत नाही. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते आणि करही गोळा होतो. मात्र सार्वजनिक जमिनीच्या मालकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्या जमिनीचा भाडेकरू कोण आणि तो भाडे किती देतो हे विचारायलाच हवे. मंत्री कोणत्या हॉटेलात झोपतो याची जेवढी चौकशी आपण करतो, तेवढी जरी या करारांची केली, तरी पुढच्या वेळी एखादा करार संपल्यावर सात वर्षे वाया जाणार नाहीत.