ॲक्टिव्ह बास गिटार : ॲम्पवरचा गेन कसा लावायचा?



बास गिटार शिकणाऱ्या मुलांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : "जोरात वाजवलं की आवाज फाटतो." मग मुलाला सांगितलं जातं, "हळू वाजव." मूल घाबरत घाबरत तारा छेडू लागतं. खरं तर अनेकदा दोष बोटांचा नसतोच. बास ॲक्टिव्ह असतो आणि ॲम्पचा गेन त्याला साजेसा लावलेला नसतो. हा गेन नीट कसा लावायचा, ते आज समजून घेऊ.

पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह म्हणजे काय?

बासच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार, एवढाच त्याचा संसार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत अगदी छोटं व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन. दहावीच्या मुलांना ते शिकवताना हे उदाहरण जरूर द्या.

पॅसिव्ह बासमध्ये हा सिग्नल जवळपास तसाच बाहेर येतो. 1951 मध्ये आलेला फेंडरचा प्रिसिजन बास असाच आहे. त्यावरचा टोनचा नॉब उंच स्वरांची धार फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही.

ॲक्टिव्ह बासच्या पोटात बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प असतो, बहुधा 9 व्होल्टची एक बॅटरी. 1976 मधला म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे हे याचं प्रसिद्ध उदाहरण. प्रीॲम्पमुळे बास, ट्रेबल नुसतं कमी नाही, तर वाढवताही येतं. म्हणूनच ॲक्टिव्ह बासमधून येणारा सिग्नल बरेचदा दणकट असतो.

आवाज फाटतो कुठे?

ॲम्पवर साधारण दोन महत्त्वाचे नॉब असतात. गेन ठरवतो की आत आलेला सिग्नल पहिल्या टप्प्यात किती वाढवायचा. मास्टर ठरवतो की शेवटी स्पीकरमधून आवाज किती मोठा यावा. पुष्कळजण गेनलाच आवाजाचा नॉब समजतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिल्या टप्प्याला एक मर्यादा असते. बुटक्या दारातून उंच माणूस ताठ गेला तर डोकं आपटणारच. तसंच सिग्नलची लाट मर्यादेपेक्षा उंच झाली की तिचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. फळ्यावर एक गोलसर लाट काढा, तिच्या वर आणि खाली आडव्या रेघा मारा आणि रेघांबाहेरचा भाग पुसून टाका. मुलांना लगेच कळतं.

रॉक संगीतात काही वादक असा फाटका आवाज मुद्दाम वापरतात, त्यात गैर काही नाही. पण शिकताना नुकसान होतं. लाटेचे माथे कापले गेले की हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला स्वर यांतला फरक कमी होतो. आपली बोटं कमी-जास्त पडताहेत हे मुलाला ऐकूच येत नाही. मग सुधारणार काय?

गेन लावण्याची पद्धत

1. ॲम्पचे गेन आणि मास्टर दोन्ही शून्यावर आणा. मग केबल जोडा आणि ॲम्प सुरू करा.
2. ॲम्पवर 'ॲक्टिव्ह' किंवा उणे 10 वा उणे 15 डेसिबल लिहिलेलं बटण वा वेगळं भोक आहे का बघा. ॲम्पेगच्या एसव्हीटी-सीएलवर शून्य आणि उणे 15 डेसिबल अशी दोन भोकं असतात. उणे 15 डेसिबल म्हणजे व्होल्टेज साधारण साडेपाच पटीने कमी. ॲक्टिव्ह बाससाठी सुरुवात इथून करा. काही ॲम्पमध्ये गेनच्या नॉबआधीच एक टप्पा असतो. तो भरून वाहत असेल तर गेन कितीही उतरवा, उपयोग होत नाही. तिथे हाच मार्ग.
3. बासवरचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा. बास-ट्रेबलचे नॉब प्रत्यक्ष वाजवताना जिथे असतील तिथे ठेवा. बासचा नॉब 12 डेसिबलने वाढवला तर त्या स्वरांचं व्होल्टेज चौपट होतं, म्हणून हे आधी ठरवायचं.
4. मास्टर थोडा उघडा. मुलाला सर्वांत जाड तारेवर सर्वांत जोरात वाजवायला सांगा. स्लॅप करणार असेल तर स्लॅपच करू द्या.
5. गेन हळूहळू वाढवा. क्लिपचा दिवा सर्वांत जोरदार ठोक्याला क्षणभर लुकलुकला की थांबा आणि गेन किंचित मागे घ्या. दिवा नसेल तर कानाने ठरवा.
6. आता खोलीला हवा तेवढा आवाज मास्टरने करा. पुढे गेनला हात लावायचा नाही.

गेन खूप वाढवूनही सिग्नल अशक्त वाटला आणि सूंऽऽ असा आवाज येऊ लागला, तर ते पॅसिव्हचं भोक वापरून बघा. सगळे ॲक्टिव्ह बास दणकट नसतात. बासवर काय लिहिलंय यापेक्षा त्याचा सर्वांत मोठा स्वर काय सांगतो, हे महत्त्वाचं.

तरीही फाटत असेल तर?

गेन अगदी कमी करूनही आवाज फाटत असेल, तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. बॅटरी उतरली की बासमधला प्रीॲम्पच माथे कापू लागतो. ते ॲम्पवरून दुरुस्त होत नाही. बहुतेक ॲक्टिव्ह बासमध्ये केबल खोचली की बॅटरी चालू होते. त्यामुळे सराव संपला की केबल काढायची सवय लावा. तीही आधी मास्टर शून्यावर आणून, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो.

फक्त मास्टर वाढवल्यावरच फाटत असेल, तर ॲम्प किंवा स्पीकर त्याच्या ताकदीबाहेर चाललाय. तिथे आवाज कमी करणं हाच उपाय. स्पीकरही वाचतो, कानही वाचतात.

गेन लावून झाल्यावर मुलाकडून एकच स्वर चार वेळा हळू आणि चार वेळा जोरात वाजवून घ्या. दोन्हींत फरक स्वच्छ ऐकू आला तर गेन बरोबर आहे. आता बोटांकडे लक्ष द्यायला हरकत नाही. पुढच्या वेळी हे नॉब मुलालाच लावू द्या, आपण फक्त बाजूला उभं राहून ऐकायचं.