योजना आहेत, विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात का?

ग्रामीण भागातील मुले महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट का सोडतात, या प्रश्नाला बहुधा ‘गरिबी’ हे एकच उत्तर दिले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. शिष्यवृत्ती, शुल्कसवलत, प्रवाससवलत अशा अनेक योजना आज अस्तित्वात आहेत. योजना आणि विद्यार्थी यांच्यातील अंतर हा मोठा अडसर आहे.

इंदापूर तालुक्यातील डाळजचे उदाहरण घ्या. पुणे-सोलापूर महामार्गालगत, उजनी जलाशयाच्या काठच्या या परिसरातील मुलांना पदवीसाठी इंदापूर किंवा बारामतीसारख्या गावी जावे लागते. १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि या पंचक्रोशीला उच्च शिक्षण जवळ आले. तथापि, रोज एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस बसच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. तास सुटले की त्याला बस गाठायची असते आणि महाविद्यालयाच्या कार्यालयाची खिडकी नेमकी तास चालू असताना उघडी असते.

शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला व आधारशी जोडलेले बँक खाते आवश्यक असते. महाविद्यालयाच्या छाननीत त्रुटी आढळल्यास अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. विद्यार्थ्याने पुन्हा संकेतस्थळ पाहिले नाही, तर मुदत टळून वर्षभराची मदत हुकू शकते. मुलीच्या बाबतीत एका वर्षाचा खंड अनेकदा कायमचा ठरतो, कारण तोवर घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

यावरील विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले. मुलाला शिकवायचे तर त्याच्या जेवणाची व निवाऱ्याचीही सोय केली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व राबविले गेले. पुणे विद्यापीठाची याच स्वरूपाची योजना कर्मवीरांच्या नावाने ओळखली जाते.

मदत विद्यार्थ्यापर्यंत नेली की फरक पडतो. २०२४ मध्ये एसटी महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयांत देण्याची मोहीम हाती घेतली. आगारातील रांगेत उभे राहण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. महाविद्यालयांनीही हेच सूत्र स्वीकारावयास हवे.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी मधल्या सुटीत तासभर मदत कक्ष चालवावा. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-प्राध्यापक नेमावा. अर्ज परत आला, तर त्यानेच विद्यार्थ्याला दूरध्वनी करावा. सलग आठवडाभर गैरहजेरी दिसली, तर नाव कमी करण्यापूर्वी घरी चौकशी व्हावी. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने बंधनकारक केलेल्या तक्रार निवारण समितीची माहिती प्रवेशाच्या दिवशीच द्यावी.

महाविद्यालयाचे मोजमाप आपण निकालाच्या टक्केवारीवरून करतो. त्या टक्केवारीत परीक्षेला बसलेलेच मोजले जातात. वाटेत गळालेले नाहीत. पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्षापर्यंत टिकले, हा आकडाही प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर केला पाहिजे.